दुसऱ्या प्रकारची फुली

१

बंदुकीवरची दुर्बीण घ्यायला येणाऱ्या माणसाला वाटतं, मोठी काच आणि भरपूर झूम असला की झालं. मी त्याला स्टुलावर बसवतो, हातात दोन दुर्बिणी देतो आणि मागच्या खिडकीतून मैदानाकडे बघायला सांगतो. काचेपेक्षा महत्त्वाची असते ती आतली काळी फुली. कंपनीच्या माहितीपत्रकात तिला रेटिकल म्हणतात, आमच्या दुकानात फुली. झाडीत अंधुक उजेडात नेम धरायचा तर जाड दांड्यांची फुली घ्यावी, कारण बारीक रेघ झाडीत हरवते. कागदावर नेम धरायचा तर केसाएवढी बारीक. आणि अंतर मोजायचं असेल तर रेघांवर ठिपके असलेली. दोन ठिपक्यांमधल्या जागेला आम्ही घर म्हणतो. समोरचा माणूस किती घरांत मावतो ते बघायचं, त्याच्या उंचीच्या मिलिमीटरांना त्या आकड्याने भागायचं, की तो किती मीटरवर आहे ते कळतं.

मग शेवटचा धडा. फुली दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात झूम वाढवला की चित्राबरोबर फुलीही मोठी होते, त्यामुळे घरांचं माप कधीही घ्या, बरोबरच येतं. दुसऱ्या प्रकारात चित्र मोठं होतं, फुली मात्र आहे तेवढीच राहते. रेघा बारीक राहतात म्हणून नेमबाजांना ती आवडते, पण तिचं माप फक्त पूर्ण झूमवर धरायचं. हे भाषण मी बावीस वर्षं करतोय. मी तापात बडबडायला लागलो तरी हेच बडबडेन असं आमची आई म्हणते.

स्वतःसाठी मी नेहमी पहिला प्रकार वापरला. म्हणजे, वापरायचो. एकेकाळी मी स्वतः नेमबाज होतो आणि निवड चाचणीच्या तीन आठवडे आधी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की माझ्या उजव्या डोळ्याचं बुबुळ गोल नाही, जरा चेपलेलं आहे. एका रेघेच्या दोन दिसतात. नेमबाजी तिथे संपली. माझी रायफल, माझं जाड जाकीट, माझी गुडघ्याखालची गादी, सगळं धाकट्याकडे गेलं. धाकटा म्हणजे माझा भाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. जाकीट त्याला पहिल्याच दिवशी बेतून शिवल्यासारखं बसलं.

२

यंदा धाकट्याची निवड चाचणी होती. दुर्बीण अर्थातच माझ्या हातची.

"दादा, मला दुसऱ्या प्रकारची फुली हवी," तो म्हणाला.

"पहिली घे. निदान अंतर तरी कळेल."

"तीनशे मीटरवर कागद लावलेला असतो रे. अंतर कशाला मोजू? रेघ बारीक पाहिजे मला."

मी दुकानाच्या मालकांकडे बघितलं. मालकांनी हिशेबाच्या वहीतून मान वर केली आणि म्हणाले, "त्याचं बरोबर आहे. तुला सवयीचं ते सगळ्यांना चांगलं, असं नसतं." आणि वर हसत म्हणाले, "याच्या डोळ्यात जन्मतःच फुली आखून आलीय. तुझ्या हातून नुसती काच बसवून घ्यायची."

नुसती काच. बावीस वर्षं मी नुसती काच बसवतोय, बरोबर आहे. पण खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला जे टोचलं ते नवीन नव्हतं. आईने ताटात पहिली पोळी त्याला वाढली तेव्हापासूनचं ते आहे. शेजारीपाजारी विचारतात, "तुम्ही त्याचे भाऊ का?" तेव्हाही ते टोचतं. त्याला कधी विचारलंय कुणी, की तू याचा भाऊ का म्हणून?

फुलीची काच नाण्याएवढी असते. ती चिमट्याने उचलून नळीत बसवताना श्वास रोखायचा, हा आमच्या कामाचा पहिला नियम. श्वासाची वाफ काचेवर बसली तर काच काढून, पुसून, वाळवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. त्या दुपारी काच बसवताना मला मालकांचं वाक्य आठवलं आणि माझा श्वास सुटला. चांगला लांब, छातीच्या तळातून आलेला. काचेवर वाफ धरली. मी बघत राहिलो. वाफ कडेकडून आत सरकत गेली, फुलीच्या मधोमध एवढीशी उरली आणि नाहीशी झाली. मी नळी बंद करून टाकली. त्याच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून करायची माझी इच्छा नव्हती.

३

नवी दुर्बीण आठवडाभर मागच्या खिडकीत शिकंज्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, बसवून ठेवायची आमची पद्धत आहे. रोज एकदा बघायचं, फुली जागची हलली नाही ना. खिडकीपासून सहाशे मीटरवर मैदान संपतं. तिथे एक पांढरा फळा आहे. मध्ये गुडघाभर गवत, आणि गवतात झाकलेला कोरडा नाला, खिडकीपासून बरोबर दीडशे मीटरवर. बाकी काही नाही. मैदानाला कुलूप असतं आणि किल्ली माझ्या खिशात.

सोमवारी सकाळी मी डोळा लावला. पूर्ण झूमवर, म्हणजे चोवीसवर, माझ्या चेपक्या डोळ्याला सगळं पोहताना दिसतं, म्हणून मी कडी फिरवून झूम बारावर आणला. रोजची सवय. फुली जागेवर होती. फळा जागेवर होता. आणि फळ्याच्या थोडं डावीकडे एक माणूस उभा होता.

मी डोळा काढून खिडकीतून बघितलं. गवत. पुन्हा डोळा लावला. माणूस. शेजारच्या शिकंज्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाची दुर्बीण होती, तिच्यातून बघितलं. गवत आणि फळा.

मला हसू आलं. काचेवर कचरा राहिला असणार. त्या वाफेबरोबर एखादा तंतू गेला असेल आणि काचेतून बघितलं की तो माणसासारखा दिसत असेल. असं होतं. एका गिऱ्हाइकाला वर्षभर त्याच्या दुर्बिणीत चिमणी दिसत होती, ती गोंदाची गुठळी निघाली. पण कचरा काचेला चिकटलेला असतो, दुर्बीण हलवली की फुलीबरोबर हलतो. मी शिकंजा केसभर डावीकडे फिरवला. फुली सरकली. माणूस गवतात जिथे होता तिथेच राहिला.

हात आपोआप कामाला लागला. माणूस तीन घरांत मावत होता. एक मीटर सत्तर उंची धरली, तेवढी माझीही आहे. सतराशे भागिले तीन. पाचशे सहासष्ट. म्हणजे फळ्याच्या जवळपास. इतक्या लांबून चेहरा कळत नव्हता. त्याने एक हात कपाळाशी धरला होता, उन्हात लांबचं बघताना धरतात तसा.

मी कुलूप काढून सहाशे मीटर चालत गेलो. फळ्याशी कुणी नव्हतं आणि तिथलं गवत उभंच होतं.

४

मंगळवारी चार घरं. चारशे पंचवीस मीटर.

दुपारी धाकटा सरावाहून थेट दुकानात आला. घामेजलेला, खूश. "बघू का?" म्हणत त्याने झूमची कडी चोवीसपर्यंत फिरवली आणि डोळा लावला. मी हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघत उभा राहिलो. आता दचकेल, मला वाटलं. आता मागे सरेल.

तो दचकला नाही. बराच वेळ बघत राहिला. मग त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात बारीक हसू आलं आणि शिकंज्यावर ठेवलेल्या हाताची दोन बोटं त्याने जराशी वर उचलली. ते नेमबाजांचे नखरे असतात, मला माहीत आहेत, मीही केलेत.

"कशी वाटते?" मी विचारलं.

"मस्त आहे दादा. अगदी मस्त."

"काही वेगळं दिसलं?"

त्याने माझ्याकडे बघितलं, जरा लाजल्यासारखं. "नाही. म्हणजे, जे दिसायचं ते दिसलं."

म्हणजे त्याला दिसत नाही. मला दिसतं आणि त्याला नाही. यातसुद्धा त्याचंच नशीब चांगलं, हे माझ्या मनात आलं आणि मी कानशिलं तापेपर्यंत चिडलो.

बुधवारी पाच घरं. तीनशे चाळीस. मी घरी आईला विचारलं, "लांबून माणूस कशावरून ओळखतेस गं?" ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "उभं राहण्यावरून. तू कुठेही उभा राहिलास की एका खुंटीवर टांगलेल्या कोटासारखा दिसतोस. डावा खांदा खाली. किती सांगितलं, टेबलावर वाकू नकोस म्हणून."

मी विषय बदलला. पण पुढच्या दिवशी दुकानात गेल्यावर खिडकीशी जायला मला दुपार उजाडली.

५

आता सांगतो ते सांगायची लाज वाटते, पण सांगितलं नाही तर बाकीच्याला अर्थ नाही.

मी ती दुर्बीण काढून ठेवू शकत होतो. फुलीत दोष आहे म्हटलं असतं, दुसरी बसवून दिली असती. दुकानात तशा चार पडून होत्या. मी ते केलं नाही, कारण मला एक कल्पना सुचली होती. चाचणी शनिवारी. हा माणूस रोज जवळ येतोय. शनिवारी तो इतका जवळ असेल की धाकट्याला दिसल्याशिवाय राहणार नाही. नेम धरताना एकदा, फक्त एकदा त्याचा हात थरथरावा, एवढंच मला हवं होतं. त्याला काही व्हावं असं मला वाटत नव्हतं. एका गोळीचा नेम चुकावा, त्याने माझ्यासारखं घरी परत यावं, आणि आईने आम्हा दोघांकडे सारख्याच नजरेने बघावं.

मी स्वतःला एक सीमासुद्धा घालून दिली. नाला. दीडशे मीटर. तो नाल्याच्या पलीकडे आहे तोवर काही हरकत नाही. नाल्याशी आला की दुर्बीण काढून घ्यायची. दुर्बिणीतच दिसणाऱ्या माणसाला नाला कसा अडवणार, हे मी स्वतःला विचारलं नाही. सीमा घातली की माणसाला आपण शहाणे आहोत असं वाटतं.

शुक्रवारी साडेआठ घरं. दोनशे मीटर. पन्नास मीटर शिल्लक होते. मी दोनदा मोजलं. त्याच्या अंगात तपकिरी डगला होता आणि डावा खांदा खाली होता. हात अजून कपाळाशी, त्यामुळे तोंडावर सावली. मी फार वेळ बघितलं नाही.

धाकटा दुर्बीण न्यायला आला तेव्हा मी ती माझ्या हाताने त्याच्या रायफलवर चढवली, स्क्रू आवळले. माझा कामाचा डगलाही तपकिरीच आहे. त्याने माझ्या बाहीवरची धूळ झटकली आणि म्हणाला, "दादा, उद्या येशील ना? तू असलास की माझा हात स्थिर राहतो."

"येईन," मी म्हटलं.

६

शनिवारी सकाळी लख्ख ऊन होतं. नेमबाज ओळीने पालथे पडले होते आणि आम्ही घरचे लोक दोरीच्या मागे बाकांवर. धाकटा डावीकडून चौथा. आई पहिल्या रांगेत. पहिल्या नऊ गोळ्या त्याने अशा मारल्या की गुणांच्या फळ्यावर आकडे लावणाऱ्याने दर वेळी मान डोलावली. मी त्याच्या हाताकडे बघत होतो. हात थरथरत नव्हता. मला राग येत होता. इतकं सगळं करून तो माणूस त्याला दिसतच नव्हता.

शेजारी एक बाई बसल्या होत्या. त्यांची मुलगी पहिल्यांदाच उतरली होती. मी दुर्बिणीच्या दुकानातला आहे कळल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्या हिला कुठली फुली चांगली हो? दुकानदार दोन प्रकार म्हणतात, मला काही समजत नाही."

माझं तोंड आपोआप सुरू झालं. "सोपं आहे. पहिल्या प्रकारात फुली चित्राबरोबर मोठी होते. दुसऱ्या प्रकारात ती आहे तेवढीच राहते, म्हणून माप पूर्ण झूमवरच घ्यायचं. झूम अर्धा असेल तर एका घरात दोन घरांचं चित्र मावतं. समोरचा माणूस तुम्हाला वाटतो त्याच्या निम्म्याच अंतरावर—"



बारा. मी रोज बारावर बघत होतो. धाकट्याची फुली दुसऱ्या प्रकारची. त्याने ती घ्यावी हे मला इतकं टोचलं होतं की मी तिला शेवटपर्यंत माझीच फुली समजून मोजत राहिलो. काल दोनशे नव्हते, शंभर होते. नाला त्याने कधीच ओलांडला होता. आणि धाकटा पहिल्या दिवसापासून चोवीसवर बघत होता. मला नुसता माणूस दिसला, तेव्हा त्याला चेहरा दिसत असणार.

दोन बोटं त्याने कुणासाठी उचलली होती, ते मला बाकावर बसल्या बसल्या कळलं.

मी दोरीखालून वाकून पुढे गेलो. तिथे बोलायची बंदी असते, पळायचीही. पंचांनी माझ्याकडे बघून हात आडवा केला. सगळ्यांच्या दहा गोळ्या झाल्या होत्या, धाकट्याची एक बाकी होती. मी त्याच्या पायांशी गुडघ्यांवर बसलो. त्याचं बोट घोड्यावर नव्हतंच. डोळा काचेला लावून तो अगदी हळू, लहानपणी मला अंधाऱ्या जिन्यात हाक मारायचा त्या आवाजात बोलत होता.

"ये. अजून जरा. ये ना दादा."

मी त्याचा खांदा धरून त्याला मागे ओढलं. रायफल गादीवर कलंडली. त्याने डोकं वर केलं. उजव्या डोळ्याभोवती काचेच्या कडेचा लाल वळ उठला होता. मी खाली वाकून दुर्बिणीतून बघितलं. चोवीसवर, पोहणाऱ्या दोन-दोन रेघांतून. कागद दिसला. गवत दिसलं. फुली बारीक आणि स्वच्छ होती.

मैदानात कुणीही नव्हतं. येणारा येऊन पोचला होता.

"आला," धाकटा म्हणाला आणि त्याने डावा डोळा मिटून घेतला.

७

डॉक्टरांनी तीनदा तपासलं. उजवा डोळा उत्तम आहे म्हणतात, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. बुबुळ अगदी गोल. नसांना ताण पडला असेल, विश्रांती द्या, थेंब घाला.

धाकटा डावा डोळा उघडत नाही. खिडकीशी खुर्ची टाकून बसतो आणि गप्पा मारतो. माझ्या जुन्या रायफलबद्दल, आम्ही दोघांनी मिळून फोडलेल्या काचेबद्दल, माझी चाचणी हुकली त्या दिवशी तो पलंगाखाली लपून रडला होता त्याबद्दल. हे मला माहीत नव्हतं. तो सांगतो, मध्येच थांबतो, ऐकतो आणि हसतो. समोरून त्याला काहीतरी चांगलं उत्तर मिळत असणार. मी त्याला कधी तशी उत्तरं दिली नाहीत. आईला वाटतं तो माझ्याशीच बोलतोय. म्हणते, "इतकं प्रेमाने विचारतोय, तर बोल की त्याच्याशी दोन शब्द." मी बोलतो. त्याला ऐकू येत नाही असं नाही, पण मध्ये कुणीतरी लुडबुड करतंय तसा त्याचा चेहरा होतो.

मला अजून तेच टोचतं. फक्त आता ते धाकट्याबद्दल नाही. तो दुसरा जो आहे, त्याच्याबद्दल आहे. मी आठ वर्षांचा असल्यापासून धाकट्याकडून मला मिळत आलेलं सगळं त्याने एका आठवड्यात चालत येऊन घेतलं, आणि दिलं मीच.

आज सकाळी मी थेंब घालायला त्याच्यासमोर गेलो. एका हातात बाटली, दुसऱ्या हाताने त्याची उजवी पापणी वर धरली. इतक्या जवळून कुणाच्याही बुबुळात आपण दिसतो. मीही दिसलो. तपकिरी डगला, डावा खांदा खाली. माझे दोन्ही हात त्याच्या तोंडाशी गुंतलेले होते. आतल्याचा एक हात कपाळाशी होता आणि तो माझ्याकडे, लांबचं काहीतरी बघावं तसा बघत होता.

थेंब गालावर सांडला. धाकट्याने मान तिरकी केली, माझ्या बाजूने पलीकडे बघायचा प्रयत्न केला आणि अनोळखी माणसाशी बोलावं तशा आदराने म्हणाला, "अहो, जरा बाजूला होता का? दादा दिसत नाहीये मला."

मी बाजूला झालो.